फळीखालची पोकळी

पाय आत गेला तेव्हा मोठीला आधी राग आला, दुखलं नंतर. एका हातात पिळलेल्या कपड्यांची बादली, दुसऱ्या हातात चिमट्यांची पिशवी, मागच्या दारातून बाहेर टाकलेलं रोजचंच पाऊल, रोजच्याच फळीवर. फळीने ऐन वेळी अंग काढून घेतलं. आधी कुरकुरली नाही, कण्हली नाही. भिजलेला पुठ्ठा फाटावा तसा एक ओला आवाज झाला आणि उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. बादली कलंडली. मोठी एका गुडघ्यावर, एका हातावर, आणि उरलेली कुठेतरी खाली अंधारात, अशी अडकून राहिली. खाली पाय धड टेकेना. अंगठ्याच्या टोकाला काहीतरी गार, मऊ लागत होतं. माती असेल, मातीच असो. पोटरीला मोडक्या फळीचे दात लागले होते आणि पाय ओढला की ते आणखी रुतत होते. "अगं ए," तिने सुनेला हाक मारली, साध्या आवाजात, जशी मीठ मागायला मारतात. आत कपड्यांचं मशीन गरगरत होतं. सून पलीकडच्या खोलीत कानांत ती बोंडं घालून ऑफिसशी बोलत होती. तिचं हसणं ऐकू येत होतं. ते कामाचं हसणं होतं, पगारी. मोठीने दुसरी हाक मारली. ही तिची जुनी हाक, पोटातून येणारी, जी ऐकून एके काळी गल्लीच्या टोकाला गप्पा छाटत उभा असलेला नवरा ताठ होऊन घराकडे वळायचा. ती हाक मागच्या भिंतीवर आपटून परत तिच्याच तोंडाशी आली. घर हललं नाही. तिसरी हाक तिने मारली नाही. घशात आली होती, जिभेपर्यंत आली होती, पण ती वेगळी होती, तिला भीतीचा वास होता; आणि तीही वाया गेली असती तर पुढे काय, हे मोठीला बघायचं नव्हतं. आपण नुसतं खोकलो तरी ज्या घरात सगळे सावध व्हायचे, त्या घरापुढे तिसऱ्यांदा तोंड वेंगाडायचं कशाला. तिने स्वतःचे दात आवळले, फळीचे दात हाताने एकेक करून मोडले आणि पाय उपसून काढला. मशीन थांबलं तेव्हा ती नळाखाली मातीने भरलेले कपडे पुन्हा खळबळत उभी होती, जणू मुळात तेवढ्यासाठीच बाहेर आली होती.

"मागची फळी मोडली," एवढंच तिने जेवताना सांगितलं. मुलगा हात न धुताच बॅटरी घेऊन मागे गेला, वाकून वाकून बघून आला. "एक फळी नाही, आई, सगळा चौथराच सडलाय. तू पडली असतीस म्हणजे?" "पडले असते तर उठले असते." "पायाला काय झालंय?" "पायाला काही झालेलं नाही. पायाला वय झालंय." त्याने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि विषय सोडला, तिच्या तोंडाला लागून कोणाचं भलं झालेलं त्याच्या ऐकिवात नव्हतं. पण मागच्या दाराला त्याने कुलूप घातलं. किल्ली वरच्या खुंटीला अडकवली, जिथे तिचा हात पोचत नव्हता. लहानपणी ह्याच पोराच्या हाताला लागू नयेत म्हणून तिने कात्र्या आणि काडेपेट्या ज्या उंचीवर टांगल्या, ती ही उंची. मोठीने किल्लीकडे बघितलं. बोलायच्या आधी शब्द परजायची तिची सवय होती. "लाकूड आता नकोच," मुलगा म्हणाला. "खाली दगडविटांचं राबिट भरून वर सिमेंट ओततो. एकदाच काय तो निकाल." "निकाल लावायला तो काय तुझ्यावरचा खटला आहे?" "मग सांग ना काय करू? पुन्हा लाकूड म्हणजे पुन्हा सडणार. आणि न सडणारं लाकूड आपल्याला परवडणार नाही." "परवडणारं आणि न सडणारं आणलं तर?" मुलगा हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "आण. सिमेंटच्या खर्चात बसेल असं आण, मी गवंड्याला नको म्हणतो. पण तो पुढच्या आठवड्यात येणार आहे." सुनेने मध्येच सांगितलं, हल्ली प्लास्टिकच्या फळ्या मिळतात, अगदी लाकडासारख्या दिसतात. "दिसायला काय," मोठी म्हणाली, "कागदाची फुलंही दिसतात फुलांसारखी." सून ताटात बघून गालात हसली. तिला सासूचं बोलणं लागत नसे असं नाही, पण ते दुसऱ्या कोणाला लागताना बघायला तिला आवडायचं.

घराच्या मागे अंगण होतं आणि त्या अंगणात दाराला लागून तो लाकडी चौथरा होता. नवरा त्याला फलाट म्हणायचा. यंत्रं जोडायच्या कारखान्यात तो कामाला होता. यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्यांच्या फळ्या कारखाना फेकून द्यायचा आणि तो त्या खांद्यावरून घरी आणायचा. पांढरं, हलकं, रंध्यालाही नको झालेलं लाकूड. त्याने ते ठोकून जुळवलं, वर रंग फासला आणि तिला खुर्ची टाकून दिली. "बस इथे, गाडी येईल." "कुठली गाडी?" "येईल ती." असला विनोद तो वर्षानुवर्षं करत राहिला, एकच, आणि दर वेळी स्वतःच हसायचा. मग एके दिवशी त्याचीच गाडी आली. त्या खुर्चीवर मोठी बसत राहिली. घरात पुढची खोली टीव्हीची झाली, स्वयंपाकघर हळूहळू सुनेचं झालं, डबे दुसऱ्या क्रमाने लागले, मिठाची जागा बदलली. मोठीने त्याबद्दल तोंड उघडलं नाही, कारण स्वयंपाकघर हिसकावून घ्यायचं असतं आणि सुनेने ते न भांडता घेतलं होतं, तिला ते जमलं होतं. फलाट मात्र कोणी मागितला नव्हता. तिथे मोठी बसायची आणि ज्याला काही विचारायचं असेल तो तिथे यायचा. नातवंडाच्या नावापासून शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत सगळे निवाडे तिथे झाले. चपला काढून यायचं आणि पायरीवर बसायचं, खुर्ची एकच. सिमेंटवरही खुर्ची बसली असती, हे तिला कळत होतं. सिमेंट दुपारी तापेल, पावसाळ्यात शेवाळेल, हेही तिने मुलाला सांगितलं, आणि ते खरं होतं, पण ते खरं कारण नव्हतं. खरं कारण तिचं तिलाही नीट धरता येत नव्हतं. डोळे मिटले की पाय पुन्हा त्या गारव्यात लोंबकळायचा, आणि वर ते पगारी हसणं. तिला एवढंच पक्कं ठाऊक होतं की त्या जागेवरून पुन्हा कधी हाक मारायची वेळ आली, तर ती घशाने मारायची नाही. घसा तिने एकदा वापरून बघितला होता.

दुसऱ्या दिवशी ती बसने एकटीच लाकडाच्या वखारीत गेली. पोटरी ठणकत होती. बसमध्ये एकाने उठून जागा दिली तर ती म्हणाली, बस बाबा, मी उभी राहायला पैसे दिलेत. वखार म्हणजे पत्र्याचं लांबलचक छप्पर, आत करवतीची किंकाळी आणि हवेत इतका भुसा की प्रकाशसुद्धा तांबूस दिसत होता. वास मात्र चांगला होता, ओला, थोडा आंबट, नवीन वस्तूचा आणि मेलेल्या झाडाचा एकदम. दारात गटार होतं, त्यावर हातगाडी जायला आडवी फळी टाकलेली होती. वखारवाला उंच स्टुलावर बसून फोनवर कोणाला तरी माल उद्या पोचतो म्हणून शपथेवर सांगत होता. त्याच्या आवाजावरूनच मोठीला कळलं की माल परवाही पोचणार नाही. "बोला मावशी, काय बनवायचंय? स्टूल?" "फलाट." "रेल्वे काढताय?" "काढली तर पहिलं तिकीट तुला देईन, फुकट, जाण्याचं." वखारवाला फोन ठेवून खाली उतरला. त्याने आधी सागवान दाखवलं. "ते मला माहीत आहे," मोठी म्हणाली, "ते नुसतं नाव सांगूनच घर धुऊन नेतं. दुसरं दाखव. पाण्यात उभं राहील, उन्हात तापेल, कुजणार नाही, आणि ज्याला अजून भाव चढलेला नाही असं." "असं लाकूड असतं तर मीच घर बांधलं नसतं का?" पण तो आत घेऊन गेला. दूरच्या गरम मुलुखातली लाकडं, म्हणाला, जहाजातून येतात. नावं सांगितली ती तिच्या कानाच्या पाळीवरून घरंगळली. एक पिवळसर होतं. दोन तांबडी होती, एकमेकांच्या शेजारी, सख्ख्या भावांसारखी. त्यातलं एक मोठमोठ्या हॉटेलांत पोहायच्या तलावाभोवती घालतात, म्हणाला, आणि दुसरं ट्रकच्या हौद्याला तळाशी लागतं. "ट्रकचं स्वस्त. पण घराला कोणी नेत नाही." "का?" "ट्रकचं म्हणून." हे कारण मोठीला इतकं माणसासारखं वाटलं की ती क्षणभर थांबलीच. तिलाही आपल्या घरी नेताना सासूने असंच म्हटलं होतं, चुलत्याच्या घरी राबून वाढलेली आहे, तिथलंच काम कळणार. वखारवाल्याने तिन्हींचे हातभर तुकडे कापून दिले, प्रत्येकावर खडूने खूण केली. मोठी ते पिशवीत घालून घरी आली. उतरेपर्यंत खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला होता. ते वजन तिला बरं वाटलं. खोक्यांच्या फळ्या हलक्या होत्या, म्हणून तर त्या नवऱ्याच्या खांद्यावरून आल्या.

घरात आलेली वस्तू धुतल्याशिवाय मोठीला चैन पडत नसे. भाजी धुवायची, भांडी विकत आणली तरी धुवायची, एकदा तिने जावयाने दिलेली छत्रीही धुतली होती. न्हाणीघरात तिने तिन्ही तुकडे साबण लावून, काथ्याने खसाखसा घासले, करवतीची धूळ गेली, अंगाची रेघ न् रेघ मोकळी झाली, आणि पांढुरकं पाणी जाळीकडे निघालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते खडूचं पाणी आहे. पाणी पुढे जात होतं आणि ती काथ्या हातात धरून बघत राहिली. पिवळा ओळखू येत होता. तांबडे दोन, रंग एक, अंग एक, हाताला वजनही एकच. त्यातला हॉटेलवाला कोण आणि ट्रकवाला कोण, त्यांचं त्यांनाच ठाऊक. तिने ओले असताना बघितले, पुसून बघितले, नखाने ओरखडून बघितले, वास घेऊन बघितला. कोणाला सांगायची सोय नव्हती. आईने लाकूड धुतलं, ही गोष्ट मुलाने म्हातारपणापर्यंत सांगितली असती, स्वतःच्या. मग तिने एक तांबडा तुकडा टबाच्या दोन काठांवर आडवा ठेवला निथळायला, दुसरा आणि पिवळा खाली फरशीवर, आणि पाठ सरळ करायला म्हणून उठताना हातातलं तांब्याचं भांडं निसटलं ते टबावरच्या तुकड्यावर पडलं. न्हाणीघर भरून गेलं. तो आवाज भांड्याचा नव्हता. भांड्याचा आवाज पातळ असतो, कानाला लागतो. हा छातीला लागला, खालून वर. आणि पलीकडच्या खोलीचं दार उघडून, एका कानातलं बोंड काढत, सून आली. "आई? काय पडलं?" "काही नाही." "मला वाटलं तुम्ही पडलात." "मी पडले तर असा आवाज येईल का? मी काय रिकामी आहे?" सून गेली. मोठीने स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, दार लोटून घेतलं आणि फरशीवरच्या दुसऱ्या तांबड्यावर हाणलं. भद्द. पुन्हा. भद्द. कोणी आलं नाही. पिवळ्याचंही तेच. मग पुन्हा टबावरच्यावर, हळूच, आणि पलीकडून लगेच, "आई?"

लग्न होऊन ती ज्या घरात आली ते घर म्हणजे खाली एक खोली आणि तिच्यावर फळ्यांचा माळा. भिंतीला लागून छापखाना होता, दिवसभर यंत्राची धडधड, बोलायचं तर माणसाच्या तोंडाशी तोंड न्यावं लागे. सासू माळ्यावर पडून असायची. कंबर गेली होती, जीभ शाबूत होती, पण छापखान्यापुढे जिभेचं काही चालायचं नाही. म्हणून उशाशी पितळी पेला. पेल्याने फळीवर ठोका दिला की खाली स्टोव्हपाशी बसलेल्या मोठीच्या टाळूत तो वाजायचा. एक ठोका पाण्याचा, दोन कूस बदलायला, आणि नुसता खडखडाट म्हणजे माझा मुलगा घरी आलाय तर आधी त्याला वर पाठव. मोठी त्या ठोक्यांवर जळायची. हातात पीठ असो, अंगावर पोर असो, ती शिडी चढायची, आणि एकदाही चुकली नाही. ह्याचा तिला अजून गर्व होता, कारण जळत जळत केलेलं काम प्रेमाने केलेल्या कामापेक्षा अवघड असतं. कधी कधी ती वर जायची आणि म्हातारीला काहीच नको असायचं. पेला छातीवर, डोळे शिडीच्या तोंडाकडे. "काय हवंय?" "काही नाही." "मग ठोकलंत कशाला?" "बघत होते." त्यावर मोठी शिडी उतरताना मनात काय काय बोलायची ते छापखान्यातही छापलं नसतं. काय बघत होती ती, असं तिने कधी विचारलं नाही. विचारायचं सुचायला माणसाचा पाय एकदा फळीतून आत जावा लागतो. न्हाणीघरात लाटणं मांडीवर घेऊन मोठी बसून राहिली. टबातल्या नळाचा थेंब पडत होता. मग तिने वाजणाऱ्या तुकड्याला जुन्या फडक्याची चिंधी बांधली. हेच. हॉटेलचं असो, ट्रकचं असो, हेच. ट्रकचंच निघू दे, असंही एकदा मनात म्हणून घेतलं, पण नवस वगैरे केला नाही. लाकडासाठी देवाला मध्ये घालणं तिला हलकं वाटलं.

वखारीत मुलगा बरोबर आला, सुट्टीच्या दिवशी, कपाळावर आठी घेऊन. पिशवी त्यानेच उचलली होती आणि तीन तुकड्यांसाठी एवढी कटकट, असं त्याचा खांदा बोलत होता. वखारवाल्याने तुकडे हातात घेतले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. "मावशी, खडूने लिहिलं होतं ना?" "धुतलं." "लाकूड धुतलं?" मुलाने छपराकडे बघितलं. मोठी म्हणाली, "तुझ्या वखारीत अंघोळीची पद्धत नाही, माझ्या घरात आहे. ह्यातलं कुठलं कुठलं ते सांग." वखारवाल्याने अंगठा ओला करून दोन्ही तांबड्यांवर घासला, एक डोळा मिटला आणि चिंधीवाला वर धरला. "हे हॉटेलचं." तो हे लाकडाकडे बघून म्हणाला की चिंधीकडे, कोण जाणे, माल कोणाच्या मनात भरलाय हे ओळखून भाव सांगण्यातच त्याचे केस पिकले होते. मुलगा म्हणाला, "मग संपलं. हॉटेलचं आपल्याला झेपणार नाही." "थांब," मोठी म्हणाली. तिने पिशवीतून लाटणं काढलं. मुलाने डोळे मिटले. वखारीच्या सिमेंटच्या जमिनीवर तिने चिंधीवाला तुकडा ठेवला, वाकली आणि मारलं. भद्द. तिला वाटलं करवतीच्या आवाजात बुडालं. करवत थांबेपर्यंत ती वाकूनच राहिली आणि पुन्हा मारलं. भद्द. दुसऱ्यावर मारलं, भद्द, पिवळ्यावर मारलं, भद्द. तिघे एका आईची मुकी पोरं. पुन्हा एकदा तिच्या पायाला माती लागेना. घरी वाजलं होतं. सुनेने दोनदा ऐकलं होतं, बोंडं कानांत असताना ऐकलं होतं. की आपल्यालाच वाजल्यासारखं वाटलं? म्हातारी माणसं असंच सांगतात, वाजलं, दिसलं, हाक ऐकू आली, आणि घरची माणसं एकमेकांकडे बघतात. "आई, काय करतेयस? लोक बघताहेत." "बघू देत. त्यांना वखारीत दुसरं काय आहे बघायला." पण ते बोलतानाही आवाजाला नेहमीची धार नव्हती, आणि मुलाला ते ऐकू आलं असावं, कारण तो एकदम मऊ बोलला. "चल. मी गवंड्याला फोन करतो. वर चांगली फरशी लावून देऊ तुला, खरखरीत, पाय घसरणार नाही अशी." ती मऊ भाषा मोठीला कुलपापेक्षा जास्त लागली. तो फोन काढत बाहेर निघाला आणि ती मागून निघाली, लाटणं हातात तसंच.

मुलगा गटारावरच्या फळीवरून पुढे गेला. त्याच्या बुटांनी फळी वाजली. वाजली म्हणजे अशी की पलीकडे भिंतीला टेकून झोपलेलं कुत्रं मान वर करून बघायला लागलं. मोठी फळीच्या अलीकडे थांबली. मग तिने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि मधोमध उभी राहिली. खाली काळं पाणी संथ चाललं होतं. तिने टाच आपटली. आवाज वरून खाली गेला, पाण्यावर पसरला आणि दुप्पट होऊन तिच्या तळव्यातून परत वर आला. कुत्रं उठलं. ती फळी कसली होती, तर कसलीच नव्हती. कडेला साल राहिलेली, खिळ्यांची भोकं पडलेली, कोणी चूल पेटवायलाही नेली नसती. मोठीने पुन्हा टाच आपटली. टब, ती मनात म्हणाली. तो तुकडा टबावर होता. बाकीचे फरशीवर. आणि मग माळा तिच्या डोळ्यांपुढे आला, ह्या वेळी खालून नाही, बाजूने, घराला मधोमध चिरल्यासारखा: वर फळ्या, फळ्यांवर पेला घेतलेली म्हातारी, खाली एवढी मोठी रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेत स्टोव्हपाशी बसलेली एक तरणी, चिडकी पोरगी. फळीखाली ती होती म्हणून फळी वाजत होती. लाकडाचं त्यात काय. एवढे दिवस ती लाकूड निवडत होती, आणि मुलगा नेमकी तीच एक गोष्ट राबिट घालून बुजवायला निघाला होता जिच्यात तिचा पाय लोंबकळला होता. ती वळली आणि जवळजवळ धावतच आत गेली, ठणकत्या पायाने. दोन वासे पडले होते त्यांच्यावर तिने तिन्ही तुकडे आडवे टाकले आणि लाटण्याने ओळीने मारत गेली. तिन्ही बोलले. पिवळा जरा किरट्या आवाजात, तांबडे दोघे भरदार. "ह्यातलं ट्रकचं कुठलं म्हणालास?" "ते, बिनचिंधीचं. पण तुम्हाला तर हे..." "चिंधी मी बांधली, मीच सोडली. हॉटेलचं हॉटेलात जाऊ दे. मला ट्रकचं दे."

मुलगा फोन कानाला लावून परत आला तोवर सौदा अर्धा झाला होता. "आई, ते हौद्याचं लाकूड आहे." "हौदा काय खातो माहीत आहे? दगड, वाळू, लोखंड, आणि चार महिने पाऊस. आपल्या घरात तेवढं कोणी जड नाही." वखारवाल्याने आपलं कर्तव्य म्हणून सांगितलं की ह्या लाकडातून उन्हात चीक सुटतो, पहिला एक उन्हाळा पायाला चिकटतं, भोक पाडल्याशिवाय खिळा मारायला गेलं तर चिरतं, वर्षाकाठी तेल पाजावं लागतं. "मलाही लागतं," मोठी म्हणाली. मुलगा हिशेब घालत उभा होता, ओठ हलवत, शाळेत पाढे म्हणताना हलवायचा तसे. "तरी थोडं वर जातंय." "राबिट धरलंस का त्यात?" "राबिट?" "खाली भरायचं नाही. भराव गेला, तो टाकणारे मजूर गेले. आता बघ." त्याने पुन्हा ओठ हलवले. ह्या वेळी बसलं. मग तो तिच्याकडे बघत राहिला. "पण खाली पोकळ ठेवायचं कशाला? उंदीर होतील, घुशी होतील." "होऊ देत. त्यांचीही कोणीतरी आई असेल." "आई, मी खरं विचारतोय." तिला वाटलं आता सांगावं. करवत थांबली होती, भुसा खाली बसत होता, मुलाच्या भुवईवर भुशाचा एक कण होता आणि तो लहानपणीसारखा दिसत होता, काहीतरी हरवून आल्यासारखा. दोन हाका मारल्या होत्या रे, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर तो आयुष्यभर त्या दोन हाका ऐकत बसला असता आणि दर तासाला येऊन आई बरी आहेस ना विचारलं असतं, त्या मऊ भाषेत. तिला विचारपूस नको होती. तिला हाक हवी होती, स्वतःची, आपल्या पायाखाली, हवी तेव्हा मारता येईल अशी. "पाण्याला जायला वाट लागते," ती म्हणाली. "वाऱ्यालाही. बुजवलेलं तेवढं सगळं सडतं." हे तिने तिथल्या तिथे रचलं होतं, आणि वखारवाल्याने मान हलवून "बरोबर आहे, हवा खेळली पाहिजे" म्हटल्यावर तिला कळलं की ते खरंही आहे. भुवईवरचा कण तिने नखाने उडवला. "चल. आणि घरी गेल्यावर ती किल्ली खाली काढ. मी काय काडेपेटी आहे?"

सुताराने जुना फलाट उपटला तेव्हा खालची जमीन उघडी पडली. मोठी दारात उभी राहून बघत होती. इतकंच होतं. ओली माती, चिमट्यांचे तुकडे, एक चमचा जो चोरल्याचा संशय तिने एका कामवालीवर घेतला होता, आणि मातीत अंगठ्याचा एक ठसा. सुतार म्हणाला, दोन टोपल्या दगड टाकू का तळाला, घट्ट बसेल. "एक खडासुद्धा टाकशील तर तुझ्याकडून वेचून घेईन," मोठी म्हणाली, आणि काम चालू होतं तोवर खुर्ची दारात टाकून तिथून हलली नाही. सून चहा घेऊन आली ती कप देऊन गेली नाही, चौकटीला टेकून राहिली. सुतार खाली वाकून वासे बसवत होता. "आई," सून हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही हाक मारली होती का?" मोठीने चहाचा घोट घेतला. तो गोड होता, जास्तच. तिला आवडायचा तसा, डॉक्टरांना आवडायचा नाही तसा. "मारली असती तर तुला ऐकू आली नसती का?" सून कप घेऊन गेली. त्यानंतर तिच्या एकाच कानात बोंड दिसायला लागलं, आणि काम करताना खोलीचं दार उघडं. कशामुळे, ते दोघींनीही एकमेकींना सांगितलं नाही. त्या घरातली बरीचशी समजूत अशी, न बोलता, कपबशीबरोबर आत-बाहेर जायची.

फलाट झाला. तांबडा, जाड, ट्रकसारखा, दिसायला काही विशेष नाही. पहिल्याच उन्हात वखारवाला खोटा नव्हता हे कळलं; चीक सुटला, खुर्चीचे पाय चिकटले, मुलाने एक चप्पल तिथेच सोडून दुसरीसकट घर गाठलं आणि मागे वळून म्हणाला, "बघ." "चिकटू दे," मोठी म्हणाली, "ह्या घरात सुटून जाणाऱ्या गोष्टी पुष्कळ झाल्या." दुपारी घर निवलं. कपड्यांचं मशीन गरगरायला लागलं. सून आतल्या खोलीत बोलत होती, तेच कामाचं हसणं. मोठी खुर्चीत बसली, अनवाणी, आणि तळवे फळीवर टेकवले. लाकूड गरम होतं, जिवंत माणसाच्या पाठीसारखं, आणि त्याच्याखालून गारवा येत होता, तो ओळखीचा. तिने थोडा वेळ काहीच केलं नाही. करून बघायचं, आणि नाही झालं तर? लाटणं नव्हतं, पेला नव्हता. तिने उजव्या पायाची टाच उचलली, तीच पोटरी, खपलीची, आणि एकदाच खाली मारली. आवाज खालच्या रिकाम्या जागेत गेला, घराच्या भिंतीला लागला आणि आत शिरला. हसणं थांबलं. मशीन गरगरत राहिलं. मग, कानाला काही लागायच्या आधीच, तळव्यांना लागलं; अगदी बारीक, फलाटावर गाडी दिसायच्या आधी जशी कळते तसं, आतून कोणीतरी चालत येत होतं. एक पाऊल, मग दुसरं, घाईचं. हे मोठीने धरलं नव्हतं. आपली हाक आत जाईल एवढंच तिने मोजलं होतं. येणाराही असा पायांतून आधी पोचेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने घाईघाईने तोंड नेहमीसारखं करून घेतलं, ओठ आवळले, भुवया जागेवर आणल्या. दारात सून उभी होती, बोंड हातात, थोडी धापा टाकत.

"काय हवंय, आई?"

"काही नाही," मोठी म्हणाली. "बघत होते."